लाख लावलेला पाना

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की तिथली मंडळी आपल्याला थंडगार खोलीत बसवतात, कागदी कपातून चहा देतात आणि मधे एक मोठी काच ठेवतात. काचेपलीकडे आपली गाडी. ही काच मला कधीच पटलेली नाही. ज्याला काही लपवायचं नाही तो मधे काच कशाला घालेल? मुलगा म्हणतो, "आई, काच दाखवण्यासाठी असते." असेल. मी मात्र खुर्चीत बसत नाही, काचेला नाक लावून उभी राहते. जळगावच्या त्या सेंटरमधले सगळे आता मला ओळखतात. मागच्या खेपेला पुढच्या चाकांचे ब्रेक उघडले होते आणि एकजण टॉर्क पान्याने बोल्ट आवळत होता. साधा पाना आपण दाबू तेवढा दाबत जातो. टॉर्क पान्याच्या मुठीवर आकडा लावायचा असतो. तेवढा जोर बोल्टला मिळाला की आत 'कट्ट' असं वाजतं, हाताला झटका बसतो, आणि मग थांबायचं. काचेमुळे आवाज काही आला नाही, पण त्याचं मनगट थांबलेलं मी पाहिलं. काम झाल्यावर त्याने मूठ उलटी फिरवत आकडा पार तळाला नेला आणि मगच पाना पेटीत ठेवला. तेव्हा कुठे मी खुर्चीत टेकले. चहा गार झाला होता.

मुठीचं ते उलटं फिरवणं आमच्या घरी कोणाला माहीत नव्हतं. त्यापायी एका सरळ माणसाची अब्रू गेली होती आणि आणखी दोनचार जीवही गेले असते. ते सांगायला बसले आहे.

धुळ्याला देवपुरात आमचं गॅरेज होतं. पुढे गॅरेज, मागे घर, आणि दोन्हींच्या मधे स्वयंपाकघराची खिडकी. त्या खिडकीतून इकडची फोडणी तिकडे जायची आणि तिकडचं रॉकेल इकडे यायचं. वांग्याचं भरीत असो की शेवभाजी, आमच्या खाण्याला ग्रीसचा बारीक वास असायचाच. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा कितीतरी दिवस मला जेवण अळणी लागत होतं, ते मिठामुळे नाही. दुपारी माय ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची आणि पलीकडून हातोडीचे ठोके यायचे, तर तिची थाप आपोआप त्या ठोक्यांवर पडायची. ठोके थांबले की तिचाही हात थांबायचा आणि ती खिडकीतून मान वाकवून बघायची. नुसतं बघायची नाही, डोळे बारीक करून बघायची.

संशय आमच्या घराण्याचं कुलदैवत होता म्हटलं तरी चालेल. मायचा संशय बाजारावर. तिच्या पिशवीत पितळी वजन असायचं, माहेरहून आणलेलं. भाजीवाल्याने वांगी तोलली की ती स्वतःचं वजन काढून त्याच्या पारड्यात टाकायची. "तुनं माप तुले, मनं माप माले," म्हणायची. देवपुरातले निम्मे भाजीवाले तिला पाहून तराजू फडक्याखाली सारायचे. मला तिच्यासोबत बाजारात जायची लाज वाटायची. आज माझ्या पर्समध्ये काय काय असतं ते मी सांगत नाही.

नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा संशय माणसांवर. त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, आम्हीही नानाच म्हणायचो. माणूस कष्टाळू, हाताचा सढळ, पण कोणी हसून बोललं की यांच्या कपाळाला आठी. "कोनावर भरोसा ठेवाना नही," हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. पेट्रोलपंपावर ते उतरून आकड्यासमोर उभे राहायचे. दूधवाल्याच्या हंड्यात बोट बुडवायचे. माझा मोठा भाऊ प्रकाश आमची प्रवासी जीप अमळनेरच्या रस्त्यावर चालवायचा, तर तो परत आला की आधी चाकांचे टायर हुंगल्यासारखे बघायचे आणि मग त्याला "जेवलास का" विचारायचे.

एका माणसावर तेवढा त्यांचा भरोसा होता. रशीदभाई. ते नानांकडे आले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. उंच, वाकलेले, कानात अत्तराचा बोळा. ग्रीसच्या वासावर त्यांचा तोच उतारा. त्यांच्या घरी उर्दू बोलायचे, पण आमच्याकडे नानांशी अगदी आमच्यासारखी अहिराणी. मायच्या हातची भाकरी त्यांना आवडायची आणि ईदेला त्यांच्याकडून आलेला डबा माय न हुंगता उघडायची. आमच्या घरात न हुंगता उघडलेला डबा, ह्यातच काय ते समजा. ब्रेकचं काम आलं की ते रशीदभाईंचंच. चाकाच्या ड्रमच्या आत एक लोखंडी पाटी असते, तिच्यावर ब्रेकचा सगळा संसार मांडलेला असतो, आणि ती पाटी बोल्टांनी ॲक्सलला आवळलेली असते. ते बोल्ट ढिले राहिले तर ब्रेक मारताना पाटीच हलते. जास्त आवळले तर आटेच निघतात. म्हणून तर तो पाना.

टॉर्क पाना नानांनी अमळनेरच्या एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या भंगारातून मिळवला होता. देवपुरात तेव्हा असा पाना दुसऱ्या कोणाकडे नव्हता. नानांनी तो घरात आणला तेव्हा मायने त्याला हळदकुंकू लावलं. नानांनी पुस्तकातून बघून ब्रेकच्या बोल्टचा आकडा मुठीवर लावला आणि लगेच त्यांच्या मनात आलं की कोणीतरी हा आकडा फिरवणार. कोण फिरवणार, का फिरवणार, ते विचारायची सोय नव्हती. फिरवणार. म्हणून त्यांनी मुठीभोवती दोरा गुंडाळला आणि वर पोस्टाच्या पार्सलवर असते तशी लाख वितळवून ठिपका दिला. ठिपक्यावर अंगठीचा ठसा. मग पाना कपाटात, मायच्या चांदीच्या वाट्यांशेजारी, आणि किल्ली जानव्याला नाही तरी करदोट्याला. रशीदभाईंना पाना हवा असला की नाना कपाट उघडणार, लाख बघणार, पाना देणार. काम झालं की परत घेणार, लाख बघणार, कपाट बंद. खिडकीतून आम्हाला 'कट्ट' ऐकू यायचं. तो आवाज आला की मायसुद्धा निर्धास्त व्हायची. आमच्या घरात एवढा निर्धास्त करणारा दुसरा आवाज नव्हता.

पुढे मी अकरावीला गेले त्या वर्षी पहिली जीप परत आली. ब्रेक मारला की डाव्या मागच्या चाकात ठोका पडतो म्हणून. नानांनी ड्रम उघडला तर पाटीचा बोल्ट बोटाने फिरत होता. जीपवाला चिडला नाही, पण "नाना, तुम्हाकडे असं नही व्हत," एवढं म्हणाला आणि ते नानांना शिवीपेक्षा लागलं. नानांनी कपाट उघडलं. लाख शाबूत. म्हणजे पाना निर्दोष. मग ड्रायव्हरनेच कुठेतरी दुसरीकडे उघडलं असणार, असा निकाल लागला. काही आठवड्यांनी दुसरी जीप आली, तोच ठोका. लाख शाबूत. आता संशय पांझरा नदीच्या पुलापलीकडे गेला, कारण तिथे नवं गॅरेज निघालं होतं आणि तिथला कोणीतरी आपलं गिऱ्हाईक फोडण्यासाठी रात्रीबेरात्री बोल्ट सैल करत असणार. तिसरी गाडी आली तेव्हा गल्लीतल्या कोणीतरी नानांच्या कानात सांगितलं की ते नवं गॅरेज रशीदभाईंच्या जावयाचं आहे.

ते काही गुपित नव्हतं. रशीदभाईंनीच जावयाच्या दुकानाचे पेढे आमच्या घरी आणून दिले होते, आणि ते मी खाल्ले होते. पण संशयी माणसाला जुनी गोष्ट नव्याने सांगितली की ती नवीच होते. नाना त्या दिवसापासून गॅरेजात वर्तमानपत्र उघडून बसायला लागले. पान उलटायचे नाहीत. रशीदभाई ज्या गाडीखाली असतील तिच्याकडे त्यांची खुर्ची वळलेली असायची. मला सांगितलं, "सुमी, खिडकीमा बस. अभ्यास तठेच कर." मी बसले. आणि खरं सांगते, एकदा बघायला बसलं की सगळंच वाईट दिसायला लागतं. रशीदभाई खिशात हात घालत तर मला वाटे काय लपवलं? ते प्रकाशशी हसून बोलत तर वाटे काय फूस लावतात? ज्या माणसाने मला सायकल शिकवली त्याच्याकडे मी आता मायसारखे डोळे बारीक करून बघत होते. माय मात्र या पहाऱ्यात नव्हती. तिचा संशय बाजारापुरता होता. घरात आलेल्या माणसावर तिने तो कधी चालवला नाही.

एका दुपारी नाना गावात सामान आणायला गेले. माय भाकरी थापत होती. मी पाहिलं, रशीदभाई साधा पाना घेऊन एका दुरुस्त होऊन उभ्या असलेल्या जीपखाली सरकले. त्या जीपचं काम आदल्या दिवशीच संपलं होतं. फक्त त्यांचे पाय बाहेर दिसत होते. मी पुस्तक मिटलं. तेवढ्यात नाना परत आले, हातातली पिशवी घेऊन तसेच जीपजवळ गेले आणि त्या पायांजवळ उभे राहिले.

"काय करी राहिना?"

रशीदभाई आतूनच म्हणाले, "नाना, बोल्ट देखस. हाऊ बी ढिला शे. आवळी राहिनू."

"आवळी राहिना का सोडी राहिना?"

माझ्या मागची थाप थांबली. मायचा हात परातीवर तसाच राहिला. गाडीखालच्या माणसाचा हात कोणत्या दिशेने फिरतोय हे बाहेर उभ्या माणसाला कसं दिसणार? रशीदभाई हळूहळू बाहेर आले. उठून उभे राहिले, तर नानांपेक्षा हातभर उंच. मला वाटलं आता भांडण होणार. त्यांनी पाना फडक्याने पुसला आणि फळीवर जागच्या जागी ठेवला. रॉकेलने हात धुतले, मग सोड्याने धुतले, बोटंबोट. आपला डबा घेतला. दाराशी गेल्यावर म्हणाले, "शक व्हता ते माले इचारी लेतात, नाना." आणि गेले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

त्या दिवशीची भाकरी करपली. 

नाना आता ब्रेकची कामं स्वतः करू लागले. पाना कपाटातून स्वतः काढत, लाख बघत, स्वतः आवळत. 'कट्ट' वाजलं की खिडकीकडे बघत, म्हणजे आम्ही ऐकलं ना अशा अर्थाने. घरच्या जीपचे ब्रेकही त्यांनीच नवे केले. दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. आम्ही जेवायला बोलावलं तेव्हासुद्धा गाडी एकटी नको म्हणून प्रकाशला राखणीला बसवलं.

तीच जीप प्रकाश अमळनेरहून भरून आणत होता. आत बाजारच्या बायका, त्यांची पोरं, वर टोपल्या. एका उतारावर समोर बैलगाडी आली म्हणून त्याने ब्रेक दाबला, तर मागून मोठा ठोका बसला आणि गाडी डावीकडे ओढत बाभळींत घुसली. कोणाला फार लागलं नाही. टोपल्या सांडल्या, एका बाईचं कपाळ खरचटलं, प्रकाशचा हात सुजला. तो घरी आला तेव्हा पाणी पिताना लोटा दातांवर वाजत होता. जीप ओढून आणली. नानांनी ड्रम उघडला. बोल्ट बोटाने फिरत होता.

आधी त्यांनी प्रकाशकडे बघितलं. तुम्ही हसाल, पण बघितलं. मग त्याच्या सुजलेल्या हाताकडे बघितलं आणि मान फिरवली. आता संशय घ्यायला माणूसच उरला नव्हता. नाना तिथेच जमिनीवर, ग्रीसच्या डागावर, धोतरासकट बसले.

माय खिडकीतून बोलली नाही, बाहेर आली. गॅरेजात ती सहसा येत नसे. म्हणाली, "बठ्ठा मानसेस्ले मोजं तुम्हीन. त्या पानाले कोनी मोजं का?"

"लाख शाबूत शे," नाना म्हणाले.

"लाख मी नही इचारी."

तिने आत जाऊन ते पितळी वजन आणलं, आणि शेजारच्या किराणा दुकानातून शिक्क्याची लोखंडी वजनंही. मला कॉलेजात नुकतंच शिकवलं होतं की हात जितका लांब आणि वजन जितकं जास्त तितका पिळाचा जोर. ते कधी कामाला येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शेगड्यात एक बोल्ट घट्ट पकडला, म्हणजे लोखंडी पकडीत. त्यावर पाना आडवा लावला. मुठीला पिशवी टांगली. किती वजनाला तो वाजायला हवा याचा हिशेब मी पाटीवर केला, नानांनी दोनदा तपासायला लावला, तो पुन्हा करून दाखवला. मग माय पिशवीत एकेक वजन ठेवू लागली, भाजी घेताना ठेवते तसंच, अलगद.

हिशेबाच्या निम्म्याच्या जरा वर गेलो तेवढ्यात पाना म्हणाला, कट्ट.

नाना म्हणाले, वजनं खोटी आहेत. मायने पितळी वजन त्यांच्या हातात ठेवलं. वर्षानुवर्षं सगळ्या बाजाराचं खरंखोटं जे वजन ठरवत होतं त्याला खोटं म्हणायची हिंमत नानांना झाली नाही. पुन्हा लावलं, पुन्हा तेवढ्यालाच कट्ट. इतकी वर्षं आम्हाला निर्धास्त करणारा तो आवाज आधीच वाजत होता, बोल्ट अर्धाच आवळलेला असताना.

नानांनी लाख नखाने फोडली. दोरा काढला, मूठ उलटी फिरवली आणि आतली स्प्रिंग हातावर घेतली. त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. दाबून दाबून थकलेल्या स्प्रिंगा बदलण्यात त्यांचा जन्म गेला होता. गाडीखालची पाटास्प्रिंग असो की इंजिनातली, सदा दाबाखाली ठेवली की ती बसते. मूठ सैल करून ठेवायची असते, आणि ती कधीच सैल होऊ नये म्हणून तर नानांनी तिच्यावर लाख ओतली होती. चोर येऊ नये म्हणून लावलेलं कुलूपच चोर निघालं. नाना ती स्प्रिंग किती वेळ बघत होते कोण जाणे. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि राग जास्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रशीदभाईंच्या घरी गेले. एकट्याने जाववेना, म्हणून मला नेलं. घर छोटं, ओटा नुकताच धुतलेला. रशीदभाईंच्या बायकोने, आम्ही तिला खाला म्हणायचो, चहा आणला; माझ्या डोक्यावरून हात फिरवला, नानांकडे बघितलं नाही. नानांनी फडक्यातला पाना जमिनीवर ठेवला आणि त्याच्याशेजारी स्प्रिंग. त्यांना "चुकलं" हा शब्द कधी म्हणता आला नाही, तेव्हाही आला नाही. म्हणाले, "स्प्रिंग बठी गयी रे, रशीद. लाख मीच लावी व्हती." एवढं म्हणाले ह्याचंच मला नवल वाटलं.

रशीदभाईंनी स्प्रिंग उचलून बघितली, खाली ठेवली. चहा संपवला. मग म्हणाले, "येसू मी. पन एक शे. मी ब्रेकले पाना लावसू तवय तुम्हीन जोडे उभं ऱ्हावानं. दर टाइमले. तुम्हना डोयासमोर."

नाना म्हणाले, "तसं काय करस..."

"नही. तसंच."

आणि तसंच झालं. अमळनेरहूनच कोणीतरी पान्याला नवी स्प्रिंग बसवून दिली, लाखेचं नाव पुन्हा निघालं नाही, पाना गॅरेजात उघड्या खिळ्यावर टांगला. आणि ब्रेकचं काम आलं की रशीदभाई बोल्टवर पाना चढवून थांबायचे आणि हाक मारायचे, "या नाना, देखी ल्या." नाना जेवत असोत, दाढी करत असोत, पूजेला बसलेले असोत. ओल्या अंगाने टॉवेल गुंडाळून आलेले मी त्यांना पाहिलं आहे. रशीदभाई त्यांच्या डोळ्यासमोर 'कट्ट' वाजवायचे, मूठ उलटी फिरवून दाखवायचे आणि पुढच्या चाकाकडे जायचे. दुसरं काही बोलायचे नाहीत. बाकी वेळी हसत, चहा पीत, मायची भाकरी मागून खात. पण ही हाक चुकली नाही. लोकांना वाटे, काय शिस्त आहे नानांची. आम्हाला माहीत होतं ती शिक्षा आहे. नानांना आयुष्यभर जे हवं होतं, सगळं आपल्या नजरेखाली, ते त्या माणसाने त्यांना ताटात वाढून दिलं होतं, आणि नानांना ते रोज गिळावं लागत होतं.

माझं लग्न झालं, मी जळगावला आले. दिवाळीला माहेरी गेले की ती हाक ऐकू यायची. नानांचे गुडघे गेले, काठी आली. हाक यायचीच, आणि नाना काठी टेकत जायचेच. मी एकदा रशीदभाईंना म्हटलं, "आता पुरे ना, चाचा." त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मला माझी खिडकी आठवली आणि मी आत गेले.

नाना गेले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी माहेरी होते. दुपारी माय नानांना वाढत होती. भरीत, कळण्याची भाकरी, वर तेल. पलीकडे जीप उचललेली होती. नाना एका कानाने हाकेची वाट बघत जेवत होते, त्यांची काठी ताटाशेजारीच होती. आणि हाक आली नाही. नुसतं आलं, कट्ट.

नानांचा घास हातात राहिला. पुन्हा कट्ट. मायने माझ्याकडे बघितलं. नाना घाबरल्यासारखे उठले, उष्ट्या हाताने काठी घेतली आणि दारापर्यंत गेले. जीपखालून रशीदभाईंचे पाय दिसत होते, म्हातारे, टाचा फुटलेले.

"रशीद, हाक नही मारी?" नाना म्हणाले.

पाना जरा थांबला. मग गाडीखालून आवाज आला, "जेवी ल्या नाना."

नाना तिथे थोडा वेळ उभे राहिले. मग परत येऊन ताटावर बसले. मायने गार भाकरी काढून घेतली आणि गरम वाढली, पण ती त्यांनी मोडली नाही. पलीकडे काम चालूच होतं, आणि त्यांनी एकदाही खिडकीकडे बघितलं नाही.